अक्काची बैठक

ते प्रकरण माझ्या मनातून कधी पुसलं गेलं नाही. त्यात गुन्हा उघडकीला आला, पण माझ्या हुशारीने नव्हे.

मी तेव्हा कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा पीएसआय होतो. नंदिगड्डा गावाच्या बाजूला, रानाला लागून असलेल्या भातशेतात पहाटे एक शेतकरी विजेच्या धक्क्याने गेला. रानडुकरांसाठी कुणीतरी बांधावर उघडी तार सोडली होती. आम्ही पंचनाम्याला पोचलो तोवर तार गायब झाली होती.

मयताचं आणि शेजाऱ्याचं बांधावरून वाकडं होतं, म्हणून सगळ्यांनी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. चौकशीला आणून त्याला मी ठाण्यातच ठेवलं, उलटसुलट विचारलं. त्याचं पालुपद एकच, "मी न्हाई, साहेब." इकडे गावाने त्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. विहिरीवरही तिच्याजवळ कुणी उभं राहीना.

अशात एक बाई ठाण्यात आली. दारू सोडू पाहणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट ती चालवायची. सगळे तिला अक्का म्हणत. मयताचा थोरला भाऊ आणि त्या शेजाऱ्याची बायको, दोघंही तिच्या गटात होते.

"साहेब, माणसं आतल्या आत कुजायलीत," ती म्हणाली. "आमच्या बैठकीला या. पण तिथं बोलायचं न्हाई. सुपारी सोलायची."

तिची रीत अशी की एकेकाच्या अंगणात सगळ्यांनी सुपारी सोलायची आणि सोलता सोलता बोलायचं. मी गेलो तर प्रत्येकापुढे उभ्या पात्याची विळी! भांडणाच्या जागेवरून आधी कोयते उचलायचे हे आमचं शिक्षण, आणि ही बाई तापलेल्या माणसांपुढे धार मांडून बसलेली. स्वतः मात्र मांडीवर रिकामी टोपली धरून होती.

तिने आडपडदा ठेवला नाही. "हे पोलीस साहेब हायत. कुणाला जायचं असंल तर जावा." कुणी उठलं नाही.

थोड्या वेळाने मयताचा भाऊ विळी उचलून ताडकन उभा राहिला. शेजाऱ्याच्या बायकोकडे बघून ओरडला, "हिच्या नवऱ्यानं माझा भाऊ खाल्ला! हिला हितं कशाला बसवलीसा?"

मी अर्धा उठलो. अक्काने माझ्याकडे न बघता एका हाताचा तळवा खाली दाबला. मी गुमान बसलो.

त्याला ती 'शांत हो' म्हणाली नाही. आवाजही चढवला नाही. "भाऊ तुझा व्हता. तू बोलायचं न्हाई तर कोण बोलणार? बोल. पण बसून बोल, सोलत बोल."

तो धुसफुसत बसला. पात्यापुढे बोटं जपावी लागतात, तिथे राग फार पळत नाही. तो भावाबद्दल बोलू लागला, मग अडखळला, मग गप्प झाला. ती शांतता मला सोसवेना. चौकशीत अशा वेळी मी टेबलावर हात आपटला असता. अक्का नुसती बसून राहिली.

सोलता सोलता त्याचे हात थांबले. "तार मीच लावलो व्हतो," तो म्हणाला. "डुकरासाठी. त्यो पाणी बघायला जाईल हे मला ठावं नव्हतं, अक्का."

अक्काने शेजाऱ्याच्या बायकोला विचारलं, "तुला काय बोलायचं हाय?"

"माझा माणूस घरला येऊ दे," ती म्हणाली, आणि पदरात तोंड लपवून रडली.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याने मग आपल्या परसातल्या सुपारीच्या सालींच्या ढिगाखालून तार काढून दाखवली, ती पंचांसमक्ष जप्त केली. शेजारी संध्याकाळच्या आत घरी पोचला.

सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी ऐकून घ्यावं, त्याचं तोंड बंद करू नये, हे मी त्या अंगणात शिकलो. आमच्या खात्यात छातीठोक माणसं खूप पाहिली, पण अशी एकच.

निघताना मी म्हणालो, "अक्का, तुम्हाला भीती कशी ती नाहीच."

ती हसली. "न्हाई कशी? त्यो उठला तवापास्नं टोपली घट्ट धरलीया बघा. दर बैठकीला हात कापत्यात, साहेब. म्हणून तर माझ्यापुढं विळी ठेवत न्हाई."