शून्य मीटरवरची हत्तीण

शेजारच्या वहिनींनी घरात हत्तीण आणून ठेवली आहे, ही बातमी त्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीत पसरली. पसरवण्यात माझा वाटा निम्माच. उरलेला चेअरमनचा, त्यांनी तर 'जनावरे लिफ्टमधून नेऊ नयेत' अशी पाटीही लावून टाकली.

खरं म्हणजे हत्तीण नव्हतीच, तिचा पट्टा होता. वहिनी जंगलखात्यात हत्तींच्या वाटांवर नजर ठेवतात. कळपाच्या म्होरकीच्या गळ्यात यंत्राचा पट्टा असतो. ती वस्तीजवळ आली की आसपासच्या फोनांवर आपोआप मेसेज जातो. सकाळच्या फेरीत तो पट्टा रानात गळून पडलेला सापडला. ऑफिसात नेता नेता वहिनी चहापुरत्या घरी वळल्या. यंत्र चालूच, आणि ते बंद करायची किल्ली ऑफिसात!

वहिनींच्या सासूबाईंच्या फोनवर आलं : 'हत्तीण शून्य मीटरवर. दार लावून घ्या.' बाई शिस्तीच्या. न्हाणीघरात शिरून त्यांनी आतून कडी घातली.

"अगं, ती स्वयंपाकघरात आहे की बाहेरच्या खोलीत, तेवढं तरी सांग!"

"आई, हत्तीण नाही, नुसता पट्टा आहे!"

"तू तिची बाजू घेऊ नकोस!"

शेवटी चहा तसाच टाकून, पट्टा खांद्यावर घेऊन वहिनी पायी ऑफिसला निघाल्या. त्या जातील तिथे फोन किणकिणत होते आणि धडाधड शटरं पडत होती. न्हाव्याने तर अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक कॉलरला धरून आत ओढलं. मग कुणीतरी फटीतून पाहिलं. हसू फुटलं, दारं उघडली, सगळे रस्त्यावर. मीही गॅलरीतून ओरडलो, "वहिनी, केळी टाकू का?"

वहिनी हसल्या नाहीत. गेल्या वर्षी दूधवाल्याने असाच एक मेसेज थट्टेवारी नेला होता. अजून कुबडीवर चालतो. आज लोक हसले, तर उद्या दार कोण लावणार? त्या भर रस्त्यात उभ्या राहिल्या. "मेसेज आलाय ना? मग आत व्हा सगळे!"

"अहो, कशाला?" चेअरमन फोटो काढता काढता म्हणाले. "समोर तुम्हीच तर दिसताय. हत्तीण आहे कुठे?"

"ते मला आता कसं कळणार? तिचा पट्टा माझ्या खांद्यावर आहे."