निळ्या वड्या

आमचा कुत्रा बेदाण्यांनी मेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

परदेशात, वुडलँड्सला, आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता. मागच्या गटारातून उंदीर यायचे, म्हणून टेरियर आणला. बुटका, चिवट. ही जातच या कामासाठी वाढवलेली. तबेल्यांत, गोदामांत, गोदीवर पिढ्यान्‌पिढ्या उंदीर मारत आलेली. मी बोटीवरचा इंजिनीअर, जुन्या खलाशांकडून त्यांचं कौतुक ऐकलेलं. आमचाही तसाच. मान पकडायची, एक हिसडा, की दिला टाकून. खायचा नाही, खेळवायचा नाही.

त्या वर्षी गणपतीला आई पुण्याहून आली. आरतीच्या तोंडावर कुत्र्याने उंदीर आणून मखरासमोर ठेवला. मोठ्या अभिमानाने.

"अरे, बाप्पाचं वाहन ते! बांध तुझ्या त्या खाटकाला. विसर्जनापर्यंत या घरात उंदीर मरणार नाही, शब्द दे मला."

"वाहनाला पार्किंग कुठे द्यायचं, तेही विचार," बायको माझ्या कानाशी पुटपुटली.

मी शब्द दिला. कुत्र्याला बेडरूममध्ये कोंडलं. मग मोदकांच्या पिठीत लेंड्या सापडल्या. मी गुपचूप वॉशिंग मशीनमागे विषाच्या निळ्या वड्या ठेवल्या. उंदीर बाहेर जाऊन मरेल, आईला कळणारही नाही.

एका दुपारी कुत्रा सुटला तो थेट मशीनमागे. नंतर पाहिलं तर वड्या कुरतडलेल्या. उंदरानेच खाल्ल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

विसर्जनाच्या सकाळी तो उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक. प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात उंदराचं विष आहे का? आई शेजारीच उभी होती. मी नाही म्हणालो.

"बाबा, मी त्याला प्रसादातले बेदाणे दिले," मुलगी रडत म्हणाली. "त्याला आवडतात ना, सो आय गेव्ह."

बेदाणे कुत्र्यांना बाधतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि उपचार त्याच दिशेने सुरू झाले. विषावर औषध होतं. मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तो गेला.

आईच्या लेखी माझा शब्द अजून शाबूत आहे. मुलगी आता कॉलेजात जाते. शिऱ्यातले बेदाणे ती एकेक वेचून ताटाच्या कडेला ठेवते. बायको म्हणते, नखरे मेले. मी खाली मान घालून जेवतो.

त्याला तिने नाही, मी मारलं. हे तिला सांगायचं अजून बाकी आहे.