बाळंतिणीने बसायचे नाही

देवीवरचा माझा विश्वास उडाला तो बाळंतपणाच्या बाजेवर. मुलगी सुखरूप झाली, पाचवी पुजली, आणि मग मला धाप लागू लागली. आडवी झाले की छातीवर कुणी बसल्यासारखे व्हायचे. उठून बसले की जरा जीव यायचा. पण दिघीच्या आमच्या घरात बाळंतिणीने बसायचे नाही, अशी रीत. बाजेखाली शेगडी, भोवती ओव्याची धुरी, आणि खांद्यावर सासूबाईंचा हात. "निजून ऱ्हा, पोरी. बसलीस तर अंगात वारा शिरंल," म्हणत त्या मला पुन्हा पुन्हा आडवे करीत. वाईट नव्हत्या हो त्या. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे गळत असत. पाय सुजले, ओठ निळे पडले, तेव्हा घरात बाहेरची बाधा ठरली आणि धुरी वाढली.

एका दुपारी खोकल्यातून गुलाबी फेस आला. देवीचा मला भयंकर राग आला होता. नवस बोलण्याइतकाही श्वास उरला नव्हता. मनात एवढेच म्हटले, आता तुझे तू बघ, मी दमले.

त्या दिवशी समुद्र खवळल्याने खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारी होडी सुटली नव्हती. धक्क्यावर अडकलेली एक अनोळखी बाई पाणी मागायला ओटीवर आली. ती मुंबईची डॉक्टरीण निघाली. माझा खोकला ऐकून डॉक्टरीणबाई सरळ आत आल्या. शेगडी बाहेर काढवली, मला पाय खाली सोडून बसवले आणि छातीला नळी लावली.

"बाधा नाही, आई. हिचं हृदय थकलंय, फुप्फुसांत पाणी भरलंय. आडवी केलीत तर जाईल."

"पर आमच्यात रीत हाय तशी," सासूबाई पुटपुटल्या.

"आज रीत बाजूला राहू दे. सून वाचवू."

त्यांच्या पिशवीत इंजेक्शन होते. संध्याकाळपर्यंत लघवीवाटे पाणी उतरले आणि श्वास मोकळा झाला. मला टेकायला काही हवे म्हणून सासूबाई माझ्या पाठीला पाठ लावून बसून राहिल्या.

पुढे मुंबईच्या इस्पितळात मी बरी झाले. पुन्हा दिवस राहू द्यायचे नाहीत, असे तिथे बजावले. मी तिकडे असतानाच इकडे माझी मुलगी तापाने गेली.

त्या बाईंना कुणी पाठवले, हे मला ठाऊक आहे. मग मुलीसाठी कुणी का आले नाही, हे विचारून विचारून मी थकले. आता देवळात जाते, मिळालेल्या श्वासाबद्दल हात जोडते, मागत काही नाही. अजून कधी कधी राग येतो. तोही देवीच्याच पायाशी ठेवून घरी येते.