वरच्या मोळ्या

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कडेगावच्या ट्रॅक्टर मिस्त्रींचे. बोलताना ते माणसाकडे नाही, टायरकडे बघतात. कारखान्याची एक खेप वाचावी म्हणून वडील ट्रॉलीत ऊस फार उंच रचायचे. एकदा मिस्त्री न विचारता वर चढले आणि वरच्या मोळ्या खाली टाकू लागले.

"आवं मिस्त्री, वळणावर मी हळू घेतो की!" वडील ओरडले.

"टायर वळत्यात, वरचा ऊस सरळ जायाला बघतो," मिस्त्री टायरकडे बघत म्हणाले. "मग ट्रॉली आडवी हुती."

कराडला इंजिनिअर झाल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं: "मिस्त्रीकाका, नमस्कार. तुमचं म्हणणं गणितानं बरोबर निघालं. मी ते वडिलांना कागदावर समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि ऊस तेवढाच उंच रचला. यंदाही एकदा येऊन जावं."