एक कोयता, चार डोळे

त्या वर्षी ऊस उभ्याउभ्या वाळला, सहकारी कारखान्याचा वजनकाटा बंद राहिला आणि काट्याची खोली आमच्या नेत्रतपासणी शिबिराला मिळाली. कडा गावाच्या आसपासच्या वाड्यांवरून माणसं आली होती. मी डॉक्टरांची मदतनीस. भिंतीवर तक्ता लावायचा, सहा मीटरवर स्टूल ठेवायचं, एकेक डोळा झाकून नजर मोजायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. कारकून लिहून घ्यायचा. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्या तक्त्यावर तीन दातांची खूण असते. दात जिकडे, तिकडे बोटं करायची. काम सोपं, पण लोक ते सोपं राहू देत नाहीत. कुणी बोटांच्या फटीतून बघतं, कुणी मागच्याला विचारतं. माझा पारा लवकर चढायचा.

एक जोडपं आलं. नवऱ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत फटाफट दाखवलं आणि बायकोला घेऊन निघालाच.

"अहो, बाईंचं राहिलं," मी म्हणाले.

"आमचा एकच कोयता हाय, ताई. माझं बगितलं म्हंजे हिचंबी झालं की."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडी मोजतो, माणूस मोजत नाही. मला हसू आलं, तरी दरडावून तिला स्टुलावर बसवलंच.

डावा डोळा झाकला. उजव्यानं शेवटची ओळसुद्धा बरोबर, सहा-सहा. मग उजवा झाकला, तर तिला तक्ताच दिसेना. जवळ जाऊन बोटं धरली, मोजता येईनात. हात हलवला, तोही कळेना.

"उसाचं पान लागलंतं, लई दिस झाले," ती पुटपुटली आणि दाराकडे बघायला लागली. दारात त्यांचा मुकादम उभा होता. दुष्काळामुळे बाहेरच्या कारखान्यांनाही कमी माणसं लागणार होती, म्हणून तो धडधाकट जोड्याच निवडत होता. डोळ्याचं त्याला कळलं, तर या दोघांचा हंगाम गेला असता.

शेवटची तपासणी बॅटरीची. चारी बाजूंनी उजेड टाकायचा; कुठून आला ते सांगता आलं, तर काही आशा असते. वरून, खालून, नाकाकडून, कानाकडून.

"दिसला?"

"न्हाई."

मी बॅटरी अगदी जवळ नेली. एकदा तरी तिनं हो म्हणावं म्हणून माझा जीव खालीवर होत होता.

"न्हाई, ताई."

मोठ्यानं सांगायची वेळ आली. मुकादम कान देऊन होता. मी कारकुनाला फक्त "नो पी. एल." म्हणाले. उजेडाचीही जाणीव नाही, असा त्याचा अर्थ.

"काय निघालं?" मुकादमानं विचारलं.

"तुमची पाळी आली की तुमचं सांगते. रांगेत या," मी खेकसले. तो बाहेर सरकला.

डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि नुसती मान हलवली. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. शक्य तितकं सावकाश सांगितलं, की या डोळ्याला ऑपरेशनचा उपयोग होणार नाही.

"म्हंजे आपरेशन न्हाई? घरी बसायचं न्हाई?"

"नाही."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "सुटलो बगा. इलाज आसता तर हंगाम गेला आसता."