यादी येण्याआधीची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीला आभार मानायची घाई असते. इतर लोक काम झाल्यावर देवाचे आभार मानतात, आम्ही होण्याआधीच मानतो. याला आमच्याकडे विश्वासाची उपकारस्तुती म्हणतात. निकाल लागायचा असेल, ऑपरेशन व्हायचं असेल, मुलीचं जमायचं असेल, तर ते झालंच आहे असं धरून रविवारच्या भक्तीत उभं राहून साक्ष द्यायची. नंतर चहा-बिस्किटं. ही प्रथा जुनी नाही. चर्चच्या आवारात बोअर घेतला तेव्हा ती सुरू झाली. मशीन येण्याच्या आदल्या रविवारी आमच्या पाळकांनी पाणी लागल्याबद्दल उपकारस्तुती घेतली आणि पाणी खरोखर लागलं. ते इतकं खारट आहे की त्याचा चहासुद्धा होत नाही, पण साक्षीत चवीचा उल्लेख येत नाही.

मी मानवतला राहतो आणि एसटीनं तासाभरावरच्या एका खेड्यात इतिहास शिकवायला जातो. शाळा विनाअनुदानित आहे. म्हणजे मास्तर रोज जातो, शिकवतो, पेपर तपासतो, निवडणुकीच्या याद्या करतो आणि त्याला पगार नसतो. सरकार एक दिवस त्याच्या तुकडीला अनुदान मंजूर करेल, मग पगार सुरू होईल. त्या एका दिवसाची मी अकरा वर्षं वाट पाहिली. राज्यं कशी बुडतात हे पोरांना दरवर्षी नव्यानं सांगणाऱ्या माणसानं सरकारी आश्वासनावर इतका भरवसा ठेवायला नको होता, पण वाचलेलं पोटाला उपयोगी पडतं असं कुठं आहे.

घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. कापसाच्या हंगामात मी शाळा सुटल्यावर जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचो. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीचे वडील ट्रॅक्टर घेऊन आले. "सर, तुमी हितं?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून ते उगीचच ट्रॅक्टरचं चाक बघत उभे राहिले. अकरा वर्षांत मला कुणी दाखवलेला तो सगळ्यात मोठा आदर होता.

बायको झरीकडची. तिचा विश्वास तिच्या शिवणीसारखा आहे, बारीक, सरळ आणि न बोलता चालणारा. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती डोळे मिटून पुटपुटते. खोली एकच असल्यामुळे सगळं ऐकू येतं. माझं तसं नाही. ख्रिस्त आजोबांनी स्वीकारला, मला तो वारशात मिळाला. वारशात आलेल्या वस्तूशी माणूस जसा वागतो तसाच मी वागत आलो. विकायची नाही, पण रोज पुसायचीही नाही. रोज पुसायचं काम तिनं केलं. अकरा वर्षं, दर सकाळी, माझ्या नावासकट.

त्या वर्षी दिवाळीनंतर तपासणी आली. अनुदानासाठी वर्गात ठरावीक पोरं हजर दिसावी लागतात. शाळेच्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, आणि पोरं मागं कुणाजवळ ठेवणार, म्हणून पोरंही जातात. साहेबांनी पोरं मोजली, चार कमी भरली. मी स्वतः त्या चार रिकाम्या जागा बघत फळ्याजवळ उभा होतो. हेडमास्तर म्हणाले, बघू, होतंय वर सगळं. संस्थेचे चालक म्हणाले, आपलं बोलणं झालंय. जिल्ह्याच्या कार्यालयातल्या कारकुनानं तर "झालंच समजा" असं सांगितलं. मी घरी जाऊन बायकोला कारकुनाचं वाक्य सांगितलं. चार पोरांचं सांगितलं नाही. चांगली बातमी आणायची सवय नसलेल्या माणसाला ती मिळाली की तो तिच्यातले खडे निवडत बसत नाही.

तिनं पाळकांना सांगितलं ते प्रार्थनेत आठवण ठेवा म्हणून. पाळक दुसऱ्या दिवशी मंडळीच्या सेक्रेटरींना घेऊन घरी आले आणि उपकारस्तुतीची तारीख सांगून मोकळे झाले. बायको चहा ठेवता ठेवता थांबली.

"अनुदानाची यादी येऊ द्या की पास्टर. मंग करू, लय मोठी करू."

पाळक हसले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी सांगितलं पाहिजे, कारण पुढं तसं वाटेल. यादी बघून मानलेले आभार कुणीही मानतं ताई, असं ते म्हणाले. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी बायकोचं वाक्य मनात कुठंतरी लिहून ठेवलं असावं.

आणि मी? थाटामाटाची आयुष्यभर टिंगल करणारा मी, स्टुडिओत जाऊन टाय लावून फोटो काढून आलो. टाय स्टुडिओवाल्याचा होता. तो फोटो दहा फुटी फ्लेक्सवर चढला. वर कबुतर, मध्ये मी, खाली शुभेच्छुक म्हणून सेक्रेटरी आणि कमिटी, हात जोडून. शुभेच्छुकांशिवाय आमच्या जिल्ह्यात फ्लेक्स उभाच राहत नाही. मजकूर होता, अनुदानास पात्र ठरल्याबद्दल प्रभूची उपकारस्तुती व भव्य सत्कार. पात्र ठरल्याबद्दल. हे वाचून मला जरा गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

नाताळच्या आधीच्या रविवारी कार्यक्रम झाला. मोठ्या शहरातून पाहुणे आले होते. त्यांच्या नावाच्या आधी दोन पदव्या होत्या आणि नंतर तीन. त्यांनी संकटातला विश्वास या विषयावर सव्वा तास भाषण केलं. त्यांचं संकट म्हणजे एकदा त्यांचं विमान चुकलं होतं. मला शाल मिळाली. बायकोला पुढं बोलावून एक शब्द बोलायला सांगितलं, तर ती "प्रभू चांगला हाय" एवढंच म्हणून खाली बसली. मग सगळे मटण जेवले.

नाताळनंतर यादी आली. मोबाईलवरच आली, शिक्षकांच्या ग्रुपवर, अंगठे आणि हारांच्या चित्रांच्या मधोमध. मी ती खालून वर आणि वरून खाली वाचली. आमची तुकडी अपात्र. शेरा दोन शब्दांचा होता, उपस्थिती अपुरी.

पुढच्या रविवारी आम्ही भक्तीला गेलो. लोक दुखवट्याला आल्यासारखे बोलले, पण थोडे चिडलेही होते, कारण मटण त्यांनी खाल्लं होतं. दिलेले आभार परत कसे घ्यायचे, याचा विधी आमच्या चर्चमध्ये नाही. पाळकांनी माझ्या विषयाला हातच लावला नाही. त्या आठवड्यात सेक्रेटरी चारजणांना घेऊन घरी प्रार्थनेला आले. प्रार्थना लांबत गेली आणि शेवटी कामाच्या जागी पोचली. प्रभू, या घरात ज्या मुखानं शंका उच्चारली गेली त्या मुखाला क्षमा कर, असं ते म्हणाले. डोळे सगळ्यांचे मिटलेले होते. मी उघडले. बायकोनं पदर तोंडावर दाबून धरला होता, जणू ते तोंड आता पुन्हा उघडलं तर आणखी काही बुडेल.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. चार पोरं कमी होती, सेक्रेटरीसाहेब, एवढं वाक्य. बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता की हे ठाऊक असून शाल कशी घेतली. म्हणून मी "आमेन" म्हणालो.

त्यानंतर ती दर शुक्रवारी उपास धरायला लागली. का, ते तिनं सांगितलं नाही, पण सकाळच्या पुटपुटण्यात नवीन शब्द आले होते. माझ्या जिभेमुळं यांचं वाटोळं झालं, त्यांना शिक्षा नको, मला दे. हे मी चहा पिताना ऐकायचो. चहा संपवून एसटी पकडायचो.

फ्लेक्स चर्चच्या भिंतीवर तसाच होता. तो काढणं म्हणजे विश्वास सोडणं, आणि विश्वास सोडल्याचा ठपका कुणाला नको होता. भिंत बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. गावातले ओळखीचे लोक मला थांबवून पेढे मागायचे. काहींना मी "होय, देतो की" म्हणालो. एकदोघांना खरंच दिले.

आमच्या गल्लीच्या तोंडावर एका लिंगायत दुकानदाराचं किराणा दुकान आहे. मी पेपर वाचायला त्यांच्याकडे बसतो. त्यांनी मला पेढ्याबद्दल कधी विचारलं नाही. मार्च संपत आला होता, ऊन भिंतीवरच्या माझ्या तोंडाचा रंग उडवत होतं. ते गळ्यातली लिंगाची डबी सदऱ्याच्या आत सारत म्हणाले, "सर, वहिनी शुक्रवारी काही खात न्हाईत म्हणं. शेजारची म्हणायली."

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रार्थना, क्षमा, मुख. चार पोरांचंसुद्धा सांगितलं, त्यांनाच पहिल्यांदा. ते बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिले.

"आमच्यात बी असंच असतंय," ते म्हणाले. "पाऊस न्हाई पडला की कुणाच्या तरी सुनंचं चुकलेलं असतंय."

मी उठून घरी गेलो. ती कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही जोडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, एका दमात, कारण थांबलो असतो तर पुन्हा गिळलं असतं.

"चार पोरं?" तिनं विचारलं.

"हो."

"तुमाला म्हाईत होतं?"

"तपासणीच्या दिवसापासून."

तिनं टीप शेवटपर्यंत नेली. दोरा तोडला. बाही उलटी करून बघितली.

"मी सगळे शुक्रवार उपाशी ऱ्हायले," ती म्हणाली. "अन् तुमी समोर बसून जेवत होता."

पुस्तकांचं एक कपाट भरलेलं आहे घरात. यावरचं उत्तर मी त्यात शोधून पाहिलं.

पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली तेव्हा ती आपणहून उठली. पाळकांचा चेहरा उजळला. हरवलेलं मेंढरू परत येतंय असं त्यांना वाटलं असावं. सेक्रेटरींनी माईक पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"आमचं काम झालं न्हाई," ती म्हणाली. "चार लेकरं मायबापासंगं ऊस तोडायला गेली व्हती, म्हणून झालं न्हाई. माझ्या बोलण्यानं न्हाई. हे माझ्या मालकाला आधीच म्हाईत व्हतं. अकरा वर्षं मी प्रभूजवळ मागितलं. त्यानं दिलं न्हाई. का दिलं न्हाई ते मला सांगितलं न्हाई, तुमाला बी सांगितलं नसंल. मी मागायचं सोडणार न्हाई. पण जे झालंच न्हाई त्याचे आभार मानायला मला पुन्हा उभं करू नका. अन् भिंतीवरचा तो बोर्ड काढा."

पहिल्या बाकावर एक म्हातारी बसते, तिला ऐकू येत नाही. कुणी बोलायचं थांबलं की ती सवयीनं "आमेन" म्हणते. ती म्हणाली. दुसरं कुणी म्हणालं नाही. पाळकांनी गीताचा नंबर सांगितला, आणि आम्ही तेही गायलो, सगळी कडवी.

भक्ती सुटल्यावर सेक्रेटरी मला म्हणाले की फ्लेक्सचा विषय कमिटीत घ्यावा लागेल. लोक पांगेपर्यंत बायको फाटकापाशी उभी होती. मग चर्चमधलं स्टूल तिनंच बाहेर आणलं. मी वर चढलो. सुतळीच्या गाठी तीन महिन्यांच्या उन्हानं लाकडासारख्या झाल्या होत्या, नखांनी निघेनात. तिनं पिशवीतून कात्री काढून वर दिली. ही तिची कापडाची कात्री. त्या कात्रीनं कागद कापला म्हणून मी एकदा बोलणी खाल्ली आहेत. आता कात्री सुतळीवर चालताना ती शांतपणे बघत होती. फ्लेक्स खाली आला तेव्हा माझं तोंड पार पांढरं पडलं होतं. टाय तेवढा शाबूत होता.

शुक्रवारी ती जेवली, पण मी पानावरून उठल्यावर.

शाळा मी सोडलेली नाही. प्रस्ताव नव्यानं पाठवलाय, आणि या खेपेला "झालंच समजा" म्हणणारा कारकून बदलून गेलाय. एप्रिलमध्ये ऊसतोडीची घरं परत आली. त्या आठवड्यात तिनं स्वयंपाक करता करता मला त्या चार पोरांची नावं विचारली. मी सांगितली. दोन पोरं, दोन पोरी. एकीच्या पायाला कोयता लागला होता, तेही सांगितलं.

आता सकाळच्या पुटपुटण्यात ती नावं येतात, चारही, कोयता लागलेलीचं सगळ्यात आधी. माझी कान देऊन ऐकायची सवय गेलेली नाही. त्यात माझं नाव अजून परत आलेलं नाही.