रेडिएटरमधली हळद
शिजत्या हळदीचा वास आला की मला आमची जुनी मोटार आठवते. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मोटारीचा रेडिएटर गळायचा. माझ्या शाळेतल्या सोबत्याने, जो आता मोटार मिस्त्री होता, रेडिएटरचं भोक कथील ओतून पक्कं झाळून दिल्याचं सांगितलं. त्याच भरवशावर आजारी वडिलांना पिंपळगाव राजाहून खामगावच्या दवाखान्यात नेत होतो, तर भर उन्हात गाडी उकळली आणि पिवळं पाणी रस्त्यावर वाहिलं. त्याने पाण्यात नुसती हळद टाकून गळती बुजवली होती. वडिलांना बैलगाडीने न्यावं लागलं; ते कसेबसे वाचले. परतल्यावर मी त्याला विचारलं, “काऊन केलं बे असं?” तो शांतपणे म्हणाला, “परक्याची असती तं झाळली असती. तू आपला माणूस, तुले चालून जाईन वाटलं.” आज तो नाही, पण कोणी मला ‘आपला माणूस’ म्हटलं की मी अजूनही सावध होतो.